तिसऱ्या खेळाडूची तार



मी कविता लिहिणारा माणूस. त्यामुळे माझं नाव ऐकल्यावर आज पावसावर किंवा ग्रेस, सुरेश भट यांच्यावर काही कानावर पडेल, अशी आपली अपेक्षा असेल. पण आजचा विषय प्लायवुडचा, तारांचा आणि कथलाचा आहे. टोकन टाकून खेळायची व्हिडिओ गेमची उभी मशीन्स एकेकाळी आपल्या गावोगावच्या पार्लरमध्ये असत. त्यांतलं एक मशीन मी हिंगणघाटच्या माझ्या घरात चालू केलं आहे. ते कसं केलं आणि या वयात का केलं, एवढंच सांगायचं आहे.

ज्यांनी ही मशीन्स पाहिली नाहीत त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. १९७२ साली अमेरिकेतल्या अटारी कंपनीने 'पाँग' नावाचा खेळ बाजारात आणला. पडद्यावर दोन रेघा आणि एक ठिपका, म्हणजे टेबल टेनिस. १९७८ मध्ये जपानच्या तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' केला आणि १९८० मध्ये तोरू इवातानी यांचा 'पॅकमॅन' आला. नाणं टाका, खेळा, हरलात तर पुन्हा नाणं टाका, असा हा धंदा. मुंबईला तो लवकर पोचला. वर्धा जिल्ह्यात यायला त्याला बरीच वर्षं लागली, आणि आला तो आपल्या मापाने शिवलेले कपडे घालून. जपानी कारखान्यातलं मशीन इथे कुणाला परवडणार? कपाट सुताराने प्लायवुडचं केलेलं, पडदा म्हणजे एकवीस इंची रंगीत टीव्ही, आणि आतला बोर्ड मूळ कंपनीच्या बोर्डाची कुठेतरी झालेली नक्कल.

आमच्या घरात हा धंदा माझ्या थोरल्या भावाने, भाईजानने, आणला. ते टीव्ही-रेडिओ दुरुस्त करायचे. शाळा सातवीपर्यंत, तीही उर्दू माध्यमाची. पण मीटर हातात घेतला की त्यांना कुठलाही सर्किट वाचता यायचा. मी घरातला बी.ए., मराठी वाङ्मय घेऊन झालेला, जिनिंगच्या ऑफिसात हिशेब लिहिणारा. हिंगणघाट हे कापसाचं गाव. इथल्या कापसाला गावाचंच नाव होतं आणि ते नाव एकोणिसाव्या शतकात इंग्लंडपर्यंत पोचलेलं होतं. गिरणीच्या भोंग्यावर गावाचं घड्याळ चालायचं. शाळेची घंटा झाली की त्याच हिशेबाने भाईजानच्या दुकानात पोरांची रांग लागायची. तीन मशीन्स होती. एक रुपयाला एक पितळी टोकन.

पार्लरला गावात चांगलं नाव नव्हतं, हे सांगायलाच हवं. पोरं किराण्याचे सुटे पैसे उडवतात, अभ्यास बुडवतात, अशा तक्रारी होत्या आणि त्या खोट्या नव्हत्या. काही आया दारात उभ्या राहून पोराचा कान धरून घेऊन जात. भाईजानने दोन नियम केले होते. शाळेच्या वेळेत गणवेशातल्या पोराला टोकन मिळणार नाही, आणि दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत दुकान संध्याकाळी बंद. त्याने तक्रारी थांबल्या नाहीत, पण आयांचा आवाज जरा उतरला.

त्या तीन मशीन्सपैकी एकाभोवती कायम गर्दी असे. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९३ मध्ये 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' नावाचा खेळ काढला. मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या 'झेनोझोइक टेल्स' या चित्रकथेवर तो बेतलेला होता. जॅक, हॅना, मुस्तफा आणि मेस अशी चार पात्रं. त्यातलं एक निवडायचं आणि डायनासोरांच्या जिवावर उठलेल्या टोळीशी मारामारी करत पुढे जायचं. तिघांना एकदम खेळता यायचं. यातला मुस्तफा कैरो हा पिवळी टोपी घातलेला, चौघांत सगळ्यांत चपळ. तो धावत येऊन उडती लाथ मारायचा तेव्हा समोरचे दोन-तीन जण एकदम आडवे व्हायचे. त्या लांबलचक इंग्रजी नावाच्या भानगडीत आपल्या देशातली पोरं पडलीच नाहीत. दिल्ली असो की हैदराबाद की आमचं हिंगणघाट, सगळीकडे त्या खेळाचं नाव पडलं 'मुस्तफा'.

आमच्याकडे हा बोर्ड आला १९९५ च्या सुमारास. आधीची दोन-तीन वर्षं कशी गेली होती हे माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल. आपलं नाव अनोळखी माणसाला सांगताना जीभ किंचित अडखळायची. भाईजानने दुकानाच्या पाटीवर स्वतःचं नाव रंगवलं नव्हतं, नुसतं 'व्हिडिओ गेम' लिहून घेतलं होतं. आणि आत काय चालायचं?

'मुस्तफा मी घेतो बे, काल तूच घेतला होता.'

'मले दे मुस्तफा, तू जॅक घे.'

'तुले त्याची लाथ तरी मारता येते काय?'

यात गिरणी कामगारांची पोरं होती, बौद्ध वस्तीतली होती, बाजारातल्या मारवाडी दुकानदारांची होती, आमच्या मोहल्ल्यातली होती. या भांडणात काही विशेष आहे असं त्यांच्यापैकी कुणालाही वाटत नव्हतं. मुस्तफा जोरात पळतो, म्हणून तो हवा, बास. भाईजान गल्ल्यावर बसून हे ऐकत. मी ऑफिसातून सुटलो की काही वेळ त्यांच्याजवळ जाऊन बसायचो. आम्ही दोघं याबद्दल कधी एक अक्षर बोललो नाही. पण मला पक्कं ठाऊक आहे की ते मशीन तोट्यात असतं तरी भाईजानने बंद केलं नसतं.

पुढे घरोघरी कॉम्प्युटर आले, मग मोबाइल आले. २००४ मध्ये पार्लर बंद झालं. दोन मशीन्स कबाड्याने वजनावर नेली. त्यातला ट्रान्सफॉर्मर तांब्यासाठी गेला, प्लायवुड चुलीत गेलं. 'मुस्तफा'चं मशीन मात्र भाईजानने एका ओळखीच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली ठेवलं. अठरा वर्षं ते तिथेच होतं. २०२२ मध्ये शेड विकली गेली आणि आठ दिवसांत सामान हलवायचा निरोप आला. मी कबाड्याला घेऊन तिथे गेलो. निघताना भाईजान एवढंच म्हणाले, 'उसके तार मत काटने देना.'

या वाक्यानंतर मी ते कबाड्याला कसं देणार? मशीन हातगाडीवर घालून घरी आणलं. आमच्या सौभाग्यवतींनी ते दारातून आत येताना पाहिलं आणि म्हणाल्या, 'घर में तीसरी अलमारी आ गई, और इसमें कपडे भी नहीं रख सकते.'

असं मशीन घरी आणणाऱ्याने पहिली गोष्ट कोणती करावी, तर दाराची रुंदी मोजावी. दुसरी, वाळवी बघावी. आमच्या मशीनचा तळ वाळवीने पोखरला होता, तो नवीन केला. तिसरी, मशीनला लगेच वीज लावू नये. उंदरांनी तार कुरतडलेली असते, आतले कंडेन्सर सुकलेले असतात. अशा मशीनला एकदम वीज दिली की जे वाचलेलं असतं तेही जळतं.

आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट पिक्चर ट्यूबची. जुन्या काचेच्या ट्यूबला वीस-पंचवीस हजार व्होल्टचा दाब लागतो आणि मशीन बंद केल्यावरही तो चार्ज आत राहू शकतो. तो आधी ग्राउंडला जोडलेल्या तारेच्या मदतीने नीट उतरवावा लागतो, आणि ते काम जाणकारानेच करावं. भाईजान आयुष्यभर एक हात पाठीमागे बांधल्यासारखा ठेवून काम करत आले. दोन्ही हात आत घातले तर विजेची वाट छातीतून जाते, हे त्याचं कारण. दुसरं असं की अनेक टीव्हींमध्ये आतला सांगाडा थेट घरातल्या विजेशी जोडलेला असतो. असा टीव्ही गेमच्या बोर्डाला जोडायचा तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच, नाहीतर समोरच्या जॉयस्टिकपर्यंत झटका येऊ शकतो. पोरं अनवाणी उभी राहून खेळत. तरी आमच्या पार्लरमध्ये कधी कुणाला झटका बसला नाही, त्यामागे हा एक ट्रान्सफॉर्मर होता.

आता कुणी म्हणेल, एवढी उठाठेव कशाला, नवा सपाट टीव्ही लावा. लावता येतो. पण हे जुने बोर्ड सेकंदाला सुमारे पंधरा हजार आडव्या रेघा काढणारं चित्र पाठवतात. नवे टीव्ही ते थेट घेत नाहीत. मध्ये दुसरं यंत्र घालून बदलून घ्यावं लागतं, आणि त्यात हाताने बटण दाबणं आणि पडद्यावर लाथ बसणं यांच्यात किंचित अंतर पडू शकतं. खेळणाऱ्याला ते कळतं. म्हणून शोधून जुना टीव्हीच आणला. अशा काचेच्या ट्यूबचे मोठे कारखाने आता बंद झाले आहेत, त्यामुळे गल्लीत कुणी जुना टीव्ही फेकायला काढला की मी चौकशीला जातो. आमच्या गल्लीत याचा बराच विनोद होतो.

मशीनच्या आत बोर्ड आणि बाकी सामान जोडणारी तारांची एक जुडी असते. पूर्वी प्रत्येक कंपनीची जोडणी वेगळी होती. १९८५ च्या सुमारास जपानमधल्या उत्पादकांच्या संघटनेने एकच पद्धत ठरवून दिली. संघटनेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडून तिला 'जामा' म्हणतात. एका बाजूला २८ आणि दुसऱ्या बाजूला २८, असे ५६ संपर्क. पाच व्होल्ट इथे, बारा व्होल्ट इथे, लाल-हिरवा-निळा रंग इथे, टोकन इथे, पहिल्या खेळाडूचं वर-खाली-डावं-उजवं इथे. त्यामुळे जुना बोर्ड काढून नवा खोचला की त्याच कपाटात दुसरा खेळ सुरू होतो. उर्दूत जामा म्हणजे अंगरखा. भाईजान म्हणायचे, 'बोर्ड को जामा पहनाओ.' हा शब्द जपानहून आला हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी मान हलवली आणि शब्द आपल्याच अर्थाने वापरणं चालू ठेवलं.

बटण दाबणं म्हणजे आत काय होतं? एक तार ग्राउंडला टेकते, एवढंच. जॉयस्टिकखाली चार छोटे मायक्रोस्विच असतात. दांडी ज्या बाजूला झुकते तिथला स्विच 'टक' करतो, तार ग्राउंडला टेकते, आणि बोर्डाला कळतं की उजवीकडे जायचं आहे.

आमची अडचण इथेच आली. गेली काही वर्षं भाईजानचे हात थरथरतात. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरतात. त्यामुळे ते खुर्चीवर बसून सांगणार आणि मी करणार, असं ठरलं. पन्नाशी ओलांडल्यावर मी कथील वितळवायला शिकलो. आमच्याजवळ त्यांची एक शंभर पानी वही होती. तिच्यात प्रत्येक मशीनच्या जोडण्या लिहिलेल्या, काही उर्दू लिपीत, काही देवनागरीत, 'मार', 'उडी', 'टोकन' अशा साध्या शब्दांत. पण वहीची शेवटची पानं वाळवीने खाल्ली होती. पहिल्या दोन खेळाडूंचं काही बिघडलं नाही, कारण त्यांच्या तारा जामाच्या ५६ मध्ये ठरलेल्या आहेत. जगात कुठेही बघून लावता येतात. तिसरा खेळाडू मात्र त्या ५६ मध्ये नाही. त्याची जोडणी वेगळ्या छोट्या कनेक्टरवर असते, आणि आमच्यासारख्या नक्कल बोर्डात ती करणाऱ्याने आपल्या सोयीने दिलेली. चुकून पाच व्होल्टची तार ग्राउंडला लागली तर बोर्ड गेला. मोकळ्या तारांचा झुबका माझ्या हातात होता आणि पान वाळवीच्या पोटात.

दोन रविवार असेच गेले. मी म्हटलं, दोघांचंच ठेवू, दोघांना खेळता येतं तेवढं पुरे. भाईजान काही बोलले नाहीत. तिसऱ्या रविवारी त्यांनी झुबका हातात मागितला. थरथरत्या बोटांनी एक-एक तार चष्म्याजवळ नेली आणि म्हणाले, 'ये तो टेलिफोन का तार है.' मग त्यांना आठवलं. त्या वेळी टेलिफोनच्या भंगार केबलचे तुकडे स्वस्त मिळायचे, तेच त्यांनी वापरले होते. आणि टेलिफोनच्या केबलमध्ये रंगांचा क्रम ठरलेला असतो: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी. पहिल्या पाच जोड्या पांढऱ्यासोबत, पुढच्या पाच लालसोबत. लाइनमनच्या तोंडी तो पाढ्यासारखा असतो. भाईजान डोळे मिटून म्हणाले, 'उसी तरतीब से लगाया था. नीला उपर, नारंगी नीचे, हरा बायें, भूरा दायें, राखी रंग मार. लालवाला नीला, उडी.'

आम्ही मीटर लावून एकेक तार तपासली, मगच वीज दिली. क्रम बरोबर निघाला. तीस वर्षांपूर्वी एका माणसाने भंगारातली तार लावतानाही क्रम पाळला होता, म्हणून ती आज सापडली.

आता थोडं अस्सल आणि नक्कल याबद्दल. जगभर असे बोर्ड जमवणारे लोक आहेत आणि त्यांना मूळ कंपनीचाच बोर्ड हवा असतो. या खेळाच्या मूळ बोर्डात एक छोटी बॅटरी असते. ती चिपमधल्या गुप्त किल्ल्या जाग्या ठेवते. बॅटरी संपली की किल्ल्या पुसल्या जातात आणि धडधाकट बोर्ड निकामी होतो. संग्राहक तिला 'सुसाइड बॅटरी' म्हणतात. नक्कल टाळण्यासाठी केलेली ही सोय मुळावरच उठली. आमचा बोर्ड नक्कल, त्यात ती बॅटरीच नाही, म्हणून तो अठरा वर्षं ताडपत्रीखाली राहूनही जागा झाला. याची दुसरी बाजूही आहे. मूळ खेळाचं संगीत फार चांगलं आहे. आमच्या नक्कल बोर्डातला आवाज घोगरा आणि तुटका. माझ्या भाच्याने मला मूळ आवाज ऐकवला तेव्हा तो मला परका वाटला. हिंगणघाटच्या कानांना घोगराच खरा.

हा मूळ आवाज त्याने कॉम्प्युटरवर ऐकवला. १९९७ मध्ये निकोला साल्मोरिया या इटालियन माणसाने 'मेम' नावाचा प्रोग्राम सुरू केला. जुन्या बोर्डांचं वागणं कॉम्प्युटरवर हुबेहूब उतरवणारा. हेतू असा की बोर्ड मेले तरी त्यांचं काम कसं चालायचं ही माहिती मरू नये. आज हाताच्या पंजाएवढ्या स्वस्त कॉम्प्युटरवर तो चालतो, आणि ज्यांना जुनं मशीन मिळत नाही ते नव्या कपाटात हा कॉम्प्युटर बसवून घरी खेळतात. पण खेळांचे हक्क त्या-त्या कंपन्यांचे आहेत, हे विसरू नये. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या व्याख्येत कॉम्प्युटर प्रोग्राम हा साहित्यकृतीत मोडतो. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात माझी कविता आणि मुस्तफाची लाथ एकाच कपाटात आहेत. कविता कुणी न विचारता छापली तर कसं वाटतं हे मला माहीत आहे. तेव्हा आमच्या नक्कल बोर्डाचं मी समर्थन करत नाही. आमच्या गावाने जे पाहिलं, त्याचा तो पुरावा आहे, म्हणून जपतो.

आता माझ्याकडे पाच बोर्ड झाले आहेत. काही नागपूरच्या भंगारातून मिळाले, काही बंद पडलेल्या पार्लरवाल्यांनी स्वतः आणून दिले. बोर्ड जमवणाऱ्याला फार मोठी विद्या लागत नाही. संपर्कांवरची काजळी शाळेतल्या खोडरबराने निघते. पाच व्होल्ट पुरवठ्याजवळ मोजून भागत नाही, बोर्डाच्या कडेला मोजावे, कारण तारेत दाब थोडा गळतो. बोर्ड प्लॅस्टिकच्या साध्या पिशवीत ठेवू नये, स्थिर विजेने चिप मरते, त्यासाठी वेगळ्या पिशव्या मिळतात. आणि आपल्याकडच्या विजेचा भरवसा नाही, म्हणून स्टॅबिलायझर लावावा.

मशीन तयार झाल्यावर पहिल्यांदा गल्लीतली तीन मुलं खेळायला उभी केली. भाईजान खुर्ची पुढे ओढून बसले. मुलीने हॅना घेतली. दुसऱ्याने जॅक घेतला. तिसऱ्याने, सगळ्यांत धिप्पाड दिसतो म्हणून, मेस घेतला. भाईजान थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, 'मुस्तफा कोई नहीं लेता?' मुलांनी मागे वळून पाहिलं. त्यांना प्रश्न कळला नाही. त्यांच्यासाठी ते चारातलं एक चित्र होतं. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं, तसं काही वाटलं नाही. तेव्हाच्या पोरांनी तरी नाव बघून कुठे घेतला होता?

पण महिनाभराने ट्रॅक्टर चालवणारे एक गृहस्थ आले. पंचेचाळिशीचे असावेत. कुठून तरी कळलं होतं. चप्पल दारात काढून आत आले, मशीनसमोर उभे राहिले आणि भाईजानकडे बघत म्हणाले, 'काका, मुस्तफा हाय का अजून?' भाईजानने गल्ल्यातून काढावं तसं खिशातून एक पितळी टोकन काढून त्यांच्या हातावर ठेवलं. ते त्यांच्याजवळ होतं हे मलाही माहीत नव्हतं. त्या माणसाने अर्धा तास कुणाशी न बोलता खेळून घेतलं.

श्रोतेहो, आपल्यापैकी कुणाच्या गोदामात, माळ्यावर असं मशीन पडलं असेल तर माझी एकच विनंती आहे. कबाड्याला देण्याआधी तारा कापू देऊ नका. त्या कोणत्या रंगाच्या, कुठून कुठे जातात, हे कागदावर लिहून ठेवा आणि ज्याने लावल्या तो माणूस हयात असेल तर त्याला विचारा. आमच्याकडे दर रविवारी चार ते सहा मशीन चालू असतं, टोकन लागत नाही. दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत बंद. तो नियम भाईजानने आजही बदललेला नाही.